वासाची वाटणी

वन्सं, तुमच्या दिवसांत जो जो भेटायला आला, त्या प्रत्येकाला ह्यांनी एकच गोष्ट सांगितली. "ताईला तिच्या हट्टानं नेलं. थंडी पडून दहा दिवस झाले तरी ट्रंक उघडू देईना. म्हणे, अजून शरदच आहे." ऐकणारे मान हलवायचे. कुणीतरी म्हणायचं, "असतात हो म्हातारपणी एकेकाचे नाद." आणि मी, तुमची भावजय, पाण्याचा ट्रे धरून बाजूला उभी. एकदाही तोंड उघडलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते आपल्याच दिवाणखान्यात चाललं होतं, आणि चोर सगळ्यांना पाणी देत होता.

जे सांगायचंय ते आधी सांगून टाकते, नाहीतर मी इकडचं तिकडचं बोलत बसेन आणि ते राहून जाईल. मला ओळखता तुम्ही. त्या सकाळी मी खोटं बोलले. तुम्ही विचारलंत, "शैले, कसला वास येतोय?" मी म्हटलं, "कसलाच नाही." येत होता, वन्सं. चांगला नाकात भरेल एवढा येत होता.

लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा तुमच्या पालटाचं मला हसू यायचं. मुलींच्या शाळेत शिवण शिकवणारी माझी मोठी नणंद वर्षातून सहा वेळा सकाळी उठून जाहीर करते, "आज पालट," आणि घर त्याप्रमाणे हलतं, हे मी माहेरी सांगितलं तेव्हा माझ्या भावाला खरंच वाटेना. कॅलेंडरला तर तुम्ही विचारतच नव्हता. ऋतू बदलल्याची शंका आली की तिघांनी बाहेरच्या ओट्यावर बसायचं. प्रत्येकाच्या हातात चहा, पण तो निवेपर्यंत बोलायचं नाही. पेपर नाही, पुढे मोबाइल आले तेव्हा मोबाइलही नाही. नुसतं बघायचं, ऐकायचं, वास घ्यायचा. मग तुमचा निकाल. पालट झाला तर घरातली एखादी वस्तू आत जायची, एखादी बाहेर यायची, आणि ताटातही काहीतरी नवीन यायचं. समोरच्या कडुनिंबाला तांबूस पालवी आली की माठ बाहेर आणि दुपारी आंबेडाळ. आभाळ उंच गेलं की शरद, म्हणजे घरभरच्या गाद्या गच्चीवर. शिशिरात तुम्ही ह्यांना, तुमच्या बंडूला, धरून बसवायचात आणि टाचांना कोकम तेल लावायला लावायचात, ते लहान मुलासारखे कुरकुरायचे. आणि दर वेळी शेवटी तो गार चहा प्यायचा. पस्तीस वर्षं मी वर्षातून सहा वेळा तरी गार चहा प्यायले, हे देवाच्या दरबारी कुणीतरी लक्षात घ्यावं.

आपलं भांडण जुनंच. मी निफाडची. आमच्याकडे ऋतू तीनच, उन्हाळा, पावसाळा, हिवाळा, आणि तेही पिकाकडे बघून. गारठा वाढला की माझे वडील पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायचे, घडांना थंडी बाधू नये म्हणून. तिथे ओट्यावर बसून चहा गार करायला वेळ कुणाला होता? मी म्हणायचे, "वन्सं, तीन पुरेत. सहा कशाला?" तुम्ही म्हणायचात, "तीन तरी कशाला? दोनच ठेव. पंखा चालू आणि पंखा बंद." ह्यांना हसू यायचं आणि ते दाबून ते आत जायचे. आपल्या दोघींच्या बोलण्यात कुणाची बाजू घ्यायची नाही, हा त्यांचा नियम तुमच्या पालटाइतकाच कडक.

पण माझी आई गेली ते वर्ष मी विसरलेले नाही. निफाडहून दिवस करून परत आले आणि मला स्वयंपाकघरात उभं राहवेना. हातात काही धरलं की रडू यायचं. कडुनिंबाला पालवी फुटून आठ दिवस झाले होते, सगळ्या गल्लीला दिसत होती, आणि तुम्ही पालट म्हणायला तयार नाही. हे म्हणाले, "ताई, पालवी दिसत नाही का तुला?" तुम्ही म्हणालात, "दिसते. पण शैला अजून मागेच आहे. ती आली की निघू." मी आतून ऐकलं. कुणासाठी वेळापत्रक न बदलणारी बाई माझ्यासाठी आख्खा वसंत दारात उभा करून थांबली होती. नवव्या दिवशी मी आपणहून कैरी किसायला घेतली, तेव्हा कुठे तुम्ही माठ धुवायला काढलात. त्याबद्दल मी तुम्हाला कधी काही म्हटलं नाही. आपल्याकडे कुठे असतं असं म्हणायचं.

चार वर्षांपूर्वी तुम्ही मोठ्या तापातून उठलात आणि पहिल्याच पालटाला वाटणी केलीत. "ह्यापुढे डोळे माझे, कान बंडूचे आणि नाक शैलेचं. मी विचारीन, तुम्ही सांगायचं." मला वाटलं, शाळेतली सवय, वर्गात कामं वाटून द्यायची. खरं सांगू, मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तुमच्या त्या खेळात मला काहीतरी काम मिळालं होतं. मी मन लावून वास घ्यायला लागले. तीन ऋतूंवाली मी, मला पावसाआधीच्या आणि पावसानंतरच्या धुळीतला फरक कळायला लागला. हे मी तुम्हाला कबूल केलं असतं तर तुम्ही वर्षभर चिडवलं असतंत, म्हणून केलं नाही.

हेमंताची खूण तर वासाचीच होती. दिवाळी झाली की पेठच्या डोंगराकडची माणसं द्राक्षबागांच्या कामाला नाशकात उतरतात. त्यातली काही दर वर्षी आपल्या घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर पाल टाकून राहतात. त्यांच्या चुलींचा धूर आधी सरळ वर जातो. गारठा खरा पडला की सकाळचा धूर वर चढत नाही, जमिनीलगत पसरतो आणि हलके हलके आपल्या ओट्यापर्यंत येतो. तोवर तो डोळ्यांना दिसत नाही, नुसता वास येतो. "धूर खाली बसला की हेमंत," असं तुम्ही म्हणायचात. मग ट्रंक उघडायची, तुम्ही शिवलेल्या गोधड्या बाहेर, स्वेटर बाहेर, आणि त्या दिवसापासून बाजरीची भाकरी. त्याआधी ट्रंकेला हात लावायचा नाही. आधीच पांघरूण काढलं तर अंग आळशी होतं, असं तुमचं शास्त्र.

ह्या दिवाळीला माझा घसा धरला होता. पाडव्याच्या दिवशी मी ट्रंकेतून माझा स्वेटर काढला. तुम्ही तो माझ्या हातातून घेतलात, घडी घालून परत ठेवलात, कुलूप लावलंत. तेवढ्यावर थांबला असतात तर मी एक दिवस फुगून बसले असते आणि विसरले असते. पण शेजारच्या काकू फराळाला बसल्या होत्या. त्यांच्यासमोर तुम्ही म्हणालात, "निफाडच्या माणसांना ऋतू कळत नाहीत हो, हंगाम तेवढा कळतो." काकू हसल्या. मीही हसले. पण नाकाला मिरच्या झोंबल्या त्या झोंबल्याच. चार वर्षं तुमच्यासाठी वास घेत होते मी, आणि मला ऋतू कळत नाहीत?

मग ती सकाळ आली. तुम्ही तुमच्या त्या पातळ सुती शालीत बसला होता, ह्यांनी कानाला मफलर गुंडाळला होता. धूर ओट्यावर आला होता. ओल्या लाकडाचा, भाकरी करपल्याचा, ओळखीचा वास. तुम्ही ह्यांना विचारलंत, त्यांनी कुठल्याशा पाखराचं सांगितलं. मग मला विचारलंत. आणि मी म्हटलं, "कसलाच नाही."

मला तुमच्याशी खोटं बोलायचं नव्हतं, वन्सं, भांडायचं होतं. मला वाटलं, तुम्ही म्हणाल, "खोटं नको बोलूस, मला येतोय." त्यावर मी म्हणणार होते, "मग मला कशाला विचारता? आम्हाला हंगाम तेवढा कळतो." हे वाक्य मी दिवाळीपासून घोटून तयार ठेवलं होतं. पण तुम्ही माझ्याकडे बघितलंत, जरा जास्तच वेळ, आणि म्हणालात, "बरं. मग अजून शरदच." आणि चहा पिऊन टाकलात. माझं वाक्य तोंडातच राहिलं.

चार दिवसांनी पुन्हा विचारलंत. "आज?" त्या दिवशी "हो, आज आला" म्हणायला माझं काय जात होतं? कुणाला कळलं असतं? पण मला तुमच्याकडून एक शब्द हवा होता, काकूंसमोर नाही तर निदान घरात तरी. मी म्हटलं, "नाही." त्यानंतर तुम्ही विचारलंच नाही. मी माझी जाड शाल तुमच्या खांद्यावर टाकली, ती तुम्ही घडी करून परत दिलीत. सकाळी तसंच कोमट पाणी अंगावर घेतलंत, तसंच ओट्यावर बसलात. निफाडला पारा किती उतरला हे रोज टीव्हीवर सांगत होते आणि आपल्या घरात शरद चालू होता. तुम्हाला थंडी वाजत नव्हती का? बोटं निळसर झालेली मला दिसत होती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं मी मनात म्हणत होते, आणि ते तुम्हाला उद्देशून म्हणत होते, हे आता आठवलं की लाज वाटते. दहाव्या दिवशी तुम्ही तापलात.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "फुप्फुसं आधीपासूनच नाजूक होती. वयही आहे. एकाच कारणाला बोट नाही दाखवता येणार." हे वाक्य मी तेव्हापासून जपून ठेवलंय. रोज एकदा बाहेर काढते, त्यावर विश्वास ठेवायचा प्रयत्न करते, आणि पुन्हा ठेवून देते.

तिसऱ्या दिवशी मला आत सोडलं. मी तुमच्या कानाशी वाकून म्हटलं, "वन्सं, आज वास आला. पालट झाला." मला वाटलं होतं, तुम्हाला बरं वाटेल. तुम्ही तोंडावरचा मास्क थोडा बाजूला केलात आणि एकच शब्द विचारलात. "आज?" डोळ्यांत तुमचं ते चिडवणं होतं का, की राग होता, की नुसता ताप, मला सांगता येत नाही. नर्सनं मास्क परत नीट बसवला. त्यानंतर तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. सहा दिवसांनी गेलात.

त्या 'आज?'चा अर्थ मला तुमच्या तेराव्यानंतर कळला. यमुना आली होती, प्लॉटवर राहणारी, आपल्या फाटकाजवळच्या नळावर हंडा भरते ती. तुम्ही दिसत नाही म्हणून तिनं विचारलं. मी सांगितलं. हंडा तसाच वाहू देत ती खाली बसली.

"आसं कसं वो? त्या तर आल्या व्हत्या ना मपल्याकडं. दिवाळी झाली, मंग आठ-धा दिसांनी."

"कशाला?"

"मला इचारलं, यमुने, तुजा धूर मपल्या घरापोत येतो का गं? मी म्हनलं, येतो की. लय येतो. पार तुमच्या सैपाकघरात जात आसंल. तर हासल्या. बोलल्या, मला वास नाय येत गं आता. तो ताप आला तवाधरनं गेला. घरात नको सांगू."

"अजून काय म्हणाल्या?"

"काय नाय. चुलीपाशी बसल्या जरा. हात शेकलं. म्हनल्या, बरं वाटलं. आन् गेल्या."

वन्सं, ह्यावर मी काय करू? चार वर्षं तुम्हाला वास येत नव्हता. कढी लागलेली, दूध उतू गेलेलं, गॅस सुटलेला, काही कळत नव्हतं, आणि त्याच घरात मी होते, आणि मला पत्ता नाही. तुम्ही वाटणी केलीत ती गरज म्हणून केलीत. मला वाटत होतं मी तुमच्या नादाला साथ देतेय. खरं तर वासाच्या बाबतीत तुमचं सगळं माझ्या एका शब्दावर चाललं होतं. आणि त्या शब्दानं मी तुम्हाला फसवलं.

पण फसवलं म्हणावं तर तुम्ही फसलाही नव्हता. यमुनेकडून खरं काय ते घेऊन आला होता. मग घरी येऊन ओरडला का नाहीत? "शैले, खोटारडे," म्हणाला असतात, दोन भांडी आपटली असती, ट्रंक उघडली असती. परक्या चुलीशी हात शेकलेत आणि घरी येऊन पुन्हा पातळ शालीत बसलात. का? मला ओरडायचं तर वास येत नाही हे सांगावं लागलं असतं, म्हणून? की मी आपणहून खरं बोलेन, ह्याची वाट बघत होतात, आईच्या वेळी थांबला होतात तशा? की मला धडा शिकवत होतात? एक दिवस मला वाटतं तुमच्याएवढं मोठं मन कुणाचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी इतका राग येतो तुमचा की फोटोला घातलेला हार काढून टाकावासा वाटतो. तुम्हाला थंडी वाजून मेलेलं चाललं, पण मला एकदा "तू चुकलीस" म्हणवलं नाही. आणि मी तरी काय वेगळी?

ट्रंक मी उघडली, तुम्ही दवाखान्यात असतानाच. किल्ली तुमच्या उशाखाली होती. सगळ्यात वर माझा स्वेटर होता आणि त्याच्या खिशात खडीसाखर आणि ज्येष्ठमधाची पुडी. घशासाठी. ती पाडव्यालाच ठेवली असणार. मला ऋतू कळत नाहीत म्हणणारीनं.

आता हे घरात कुणाला बोलू? ह्यांनी तर त्या दिवसापासून जाहीर केलंय, "ती थेरं आता बंद. वर्षाला तीन ऋतू असतात, बास." माझंच वाक्य. तीस-पस्तीस वर्षं मला हवं होतं ते त्यांच्या तोंडून ऐकलं आणि अंगावर काटा आला. ओट्यावर ते बसतच नाहीत. शिशिर लागला असावा, कडुनिंबाची पानं पिवळी पडून अंगणात येताहेत, कुणी पालट म्हटलेलं नाही. आणि फोन आला कुणाचा की पुन्हा तेच, ताईचा हट्ट, ताईची ट्रंक. प्रत्येक वेळी तुम्ही जरा जास्त हट्टी होता, जरा जास्त खुळ्या. अशीच वर्षं गेली तर परगावच्या आपल्या नातवंडांना तुम्ही एवढ्याच ठाऊक राहाल, थंडीत स्वेटर न घालणारी एक विक्षिप्त आत्याआजी. आणि मी पाणी देत राहीन.

आज सकाळी तुमच्या जुन्या शाळेतल्या बाईंचा फोन होता. हे सुरू झाले. "काय सांगू बाई, ताईच्या हट्टानं..." मी चहा घेऊन आले होते. फोन ठेवेपर्यंत थांबले. मग म्हटलं, "इथे नको. ओट्यावर चला."

"कशाला? गारठा आहे."

"चला म्हणते ना."

ते आले. कपाळाला आठ्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, पाडव्यापासून यमुनेपर्यंत. मधे थांबले नाही, स्वतःची बाजू घेतली नाही. घेतली असेल थोडी. शेवटी म्हटलं, "त्यांचा हट्ट नव्हता तो. मला वास आला होता आणि मी नाही म्हटलं. आता भेटणाऱ्यांना हे सांगा. माझं नाव घेऊन सांगा."

मला वाटलं, ते हात उगारतील. आयुष्यात कधी उगारला नाही, पण आज उगारला असता तर मी मान खाली घातली असती. त्यांनी कप नुसता हातात धरून ठेवला. दोघांचा चहा निवला. मागच्या प्लॉटवर कुणीतरी चूल पेटवत होतं. मग ते म्हणाले, पण माझ्याकडे बघून नाही.

"मलाही आला होता."

मला आधी कळलंच नाही. "काय?"

"धुराचा वास. त्या दिवशी. तू नाही म्हणालीस तेव्हा. नंतरच्या वेळीही."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हा दोघींच्या मधे मी कधी बोललोय?" एवढं म्हणून त्यांनी मफलर तोंडावर दाबला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. तुम्ही गेल्यापासून ते रडले नव्हते, वन्सं. नुसते सांगत सुटले होते.

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. ह्यांना माहीत होतं. मला माहीत होतं. यमुनेला विचारून आलात तेव्हापासून तुम्हालाही माहीत होतं. हेमंत लागलाय हे ह्या घरात तिघांनाही ठाऊक होतं, वन्सं, आणि थंडी वाजली ती एकट्या तुम्हाला.